वरणाचं पाणी नको, वरण द्या

बाळाला सहावा महिना लागला की घरात उष्टावणाची बोलणी सुरू होतात. चांदीची वाटी, मामाची मांडी, खिरीचं पहिलं बोट. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा असा सम महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा असा विषम महिना, ही रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. समारंभ हवा तेव्हा करा. पण बाळाच्या भुकेला मुहूर्त नसतो. १८० दिवस पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि ते झाले की लगेच वरचं अन्न, हा हिशेब मुलाला आणि मुलीला एकच आहे. मुलीला पाचव्या महिन्यात भरवण्याची घाई नको आणि मुलाला आठव्या महिन्यापर्यंत खोळंबून ठेवणंही नको. मधले दोन महिने फार मोलाचे असतात.

मला या लेखात मुख्यतः बोलायचं आहे ते उष्टावण झाल्यानंतरच्या महिन्यांबद्दल. बाळ दूध पितं, हसतं, पालथं पडतं, आणि घरातली सगळी मोठी माणसं काळजीने त्याला हलकं, पचायला सोपं काहीतरी द्यायला बघतात. मग वाटीत येतं वरणावरचं पाणी, भाताची पेज, भाज्या उकळून गाळलेलं सूप, फळाचा रस, कोल्हापूरकडे मटणाचं अळणी पाणी. मायेने दिलेलं हे सगळं बाळ आनंदाने पितंही. पण डाळ पातेल्याच्या तळाशी राहते, मटणाचे तुकडे मोठ्यांच्या ताटात जातात, भाजीचा चोथा गाळणीत उरतो आणि बाळाच्या पोटात जातं ते बहुतेक पाणी.

बाळाचं पोट किती लहान असतं बघा. एका वेळी ते वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली एवढंच सामावून घेतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाचं पोट २४० मिलीला गच्च भरतं. ते पेजेने भरलं तर बाळ तृप्त दिसतं, झोपतंही, आणि तरी उपाशीच राहतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. हा आकडा एवढ्याशा पोटात बसवायचा तर प्रत्येक चमच्यात अन्न असायला हवं. म्हणून वाटीतलं अन्न तपासायची एक सोपी खूण लक्षात ठेवा: चमचा तिरका केला तर त्यातलं अन्न घरंगळून खाली पडता कामा नये, चमच्याला धरून राहायला हवं.

आपल्याकडे यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही, कारण खिमट आपल्या आज्यांनी कधीच तयार करून ठेवलं आहे. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवायची, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायची, थोडे जिरे घालून मिक्सरवर भरड काढायची. तांदूळ आणि डाळ यांचं हे दोनास एक प्रमाण महत्त्वाचं आहे. धान्यातली प्रथिनं जिथे उणी पडतात तिथे डाळीतली भरून काढतात, आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यातून मिळतं. मोठे तीन चमचे भरड आणि वाटी-सव्वा वाटी पाणी, नीट मऊ शिजवायचं. उतरवल्यावर त्यात एक चमचा तूप. चहाच्या चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात, आणि वाटीतलं अन्न जराही न वाढवता त्या बाळाला मिळतात. तुपाने कफ होतो म्हणून तूप टाळणारी घरं आहेत. त्यांना मी कळकळीने सांगेन की पहिल्या दोन वर्षांत स्निग्ध पदार्थ बाळाला हवेतच. तूप परवडत नसेल तर घरातलं खाण्याचं तेल चालतं.

नाचणीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. नाचणी उत्तम, तिच्यातलं कॅल्शियम इतर कुठल्याही रोजच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. पण सत्त्व म्हणून आपण जे करतो त्याचे दोन प्रकार आहेत. एकात नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. ते पांढरट, मऊ दिसतं, पण त्यात मुख्यतः पिष्ट उरतं आणि कोंड्याबरोबर बरंच काही निघून जातं. दुसऱ्या प्रकारात नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, वाळवतात, हलकी गरम करून दळतात आणि बारीक चाळणीने चाळतात. बाळासाठी हा दुसरा प्रकार निवडा. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं एंझाइम तयार होतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची लापशी कमी चिकट होते, तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि बाळाला ती गिळताही येते. शिवाय लोह अडवून धरणारं फायटेट मोड आल्याने कमी होतं. कुठलीही लापशी फारच घट्ट झाली तर पाणी ओतू नका. ती जरा निवली की चमचाभर मोडाचं पीठ ढवळा, काही मिनिटांत ती सैल होईल. मग पुन्हा एक उकळी आणा. पीठ भाजताना मात्र खरपूस करू नका, जास्त उष्णतेने ते एंझाइम निकामी होतं.

साबुदाण्याची खीर, आरारूट, बिस्किटाचा दुधात केलेला लगदा, हे पदार्थ पोट भरतात आणि फारसं काही देत नाहीत. त्यांच्या जागी रव्याची खीर, दलिया, कुस्करलेलं केळं, शिजवलेला लाल भोपळा किंवा रताळं, घट्ट दही काहीही बरं.

आता लोह. बाळ आईच्या पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, लोहाचा साठा घेऊन ठेवतं. हा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण असतं थोडं. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर लोह अन्नातून यायला हवं, आणि नेमकं तेव्हाच आपण पाणीदार पदार्थ देत असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दर तीन मुलांमागे दोन मुलं! ही फक्त गरीब घरांची गोष्ट नाही.

जी घरं मांसाहार करतात त्यांनी तो बाळापासून लपवून ठेवू नये. पूर्ण उकडलेलं अंडं, पांढरं आणि पिवळं दोन्ही, सहा महिन्यांनंतर कुस्करून देता येतं. काटे अगदी नीट काढलेला मासा, मऊ शिजवून वाटलेलं चिकन किंवा मटण, अधूनमधून चमचाभर कलेजी. यांतलं लोह शरीर सहज घेतं. शाकाहारी घरांत डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालक-राजगिऱ्यासारख्या पालेभाज्या, हाळिवाची थोडी पूड यांवर भर द्या आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. लिंबू, टोमॅटो, आवळा यांतल्या 'क' जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह जास्त शोषलं जातं. आपल्या वरणभात-तूप-लिंबाची जुळणी शास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते.

आणि बाळाला चहा देऊ नका. बशीतून दोन घोट, चहात बुडवलेलं बिस्किट, चहा-चपाती, हे कौतुकाने भरवलं जातं. चहातलं टॅनिन लोहाचं शोषण अडवतं, आणि जेवणाची भूक जाते ती वेगळीच. गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून नको. थोडं लापशीत, खिरीत चालेल. वर्षानंतरही बाटली-बाटलीने दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि पांढरी पडत जातात. दिवसाला अर्धा लिटर ही वरची मर्यादा समजा.

सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध दिलं जातं. आशाताई ती बाटली घरी आणून देतात. ती फळीवर तशीच पडून राहते असं फार ठिकाणी दिसतं. कृपा करून ते औषध द्या. शी काळपट होईल, त्याने घाबरू नका. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला लोह आधीच सुरू करावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा. 'ड' जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिटचे थेंब पहिलं वर्षभर द्यायचे, तेही विसरू नका.

मीठ आणि साखर वर्षभर घालू नये. बाळाला अळणी लागेल ही आपली समजूत. त्याने खारट अजून चाखलेलंच नाही. यासाठी वेगळा स्वयंपाकही नको: वरण, भाजी शिजली की मीठ-तिखट घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढायची, एवढंच. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको. मधात कधीकधी बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात आणि बाळ लुळं पडू शकतं. बाळगुटी सहाणेवर मधात किंवा पाण्यात उगाळून देण्याची पद्धत आहे. घरातल्या आजींना हे तोडून न सांगता, शेजारी बसून नीट समजावून सांगा. त्यांनी वाढवलेली मुलं धडधाकट आहेत हे खरंच आहे. पण सहाण, वेखंड, जायफळ, मध यांतून काय किती गेलं हे कोणालाच मोजता येत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय पाणीही लागत नाही.

शेंगदाण्याबद्दल जुना सल्ला बदलला आहे. पूर्वी अ‍ॅलर्जीच्या भीतीने तो तीन वर्षांपर्यंत टाळायला सांगत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या 'लीप' अभ्यासात, अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले. पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फारच कमी आढळली. आपल्याकडे तर दाण्याचं बारीक कूट घरोघरी असतं. सहा महिन्यांनंतर अगदी बारीक कूट लापशीत मिसळून देता येतं. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कुठलाही नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो.

अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाहीच. फुटाणे, चिक्की, लाह्या, अख्खी द्राक्षं, बोरं, सीताफळाच्या बिया या सगळ्यांनी श्वासनलिका बंद होऊ शकते. बाळ खाताना उमासा काढतं, खोकतं, लाल होतं, आवाज करतं, तेव्हा ते स्वतः घास बाहेर ढकलत असतं. त्याला तसं करू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर घास अडकला आहे. एका वर्षाच्या आतल्या बाळाला हाताच्या आधारावर पालथं, डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या. नाही निघाला तर उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा. घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा बाहुलीवर करून पाहावं.

या भीतीपोटीच बहुतेक घरांत मिक्सर थांबत नाही. वर्ष-दीड वर्ष झालं तरी सगळं गुळगुळीत वाटून दिलं जातं, आणि मग दोन वर्षांचं मूल भाताचं शीत लागलं तरी ओकतं म्हणून तक्रार येते. चावायला शिकायचंही एक वय असतं. सुरुवातीचे काही आठवडे मऊ लगदा ठीक. सातव्या-आठव्या महिन्यात तो चमच्याने किंवा हाताने कुस्करून द्या, थोड्या गुठळ्या राहू द्या. नवव्या महिन्याच्या आसपास हातात धरायला गाजराचा किंवा दुधीचा मऊ उकडलेला तुकडा, इडली, केळ्याची फोड. दात नसले तरी हिरड्यांनी बाळ छान चावतं. वर्षाच्या आसपास वरणात भिजवून कुस्करलेली पोळी किंवा भाकरी, मऊ भात, भाजी म्हणजे घरचंच जेवण, फक्त तिखट सोडून.

किती वेळा भरवायचं? सहा ते आठ महिने दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा आणि मध्ये एक-दोनदा फळ वगैरे. प्रमाण दोन-तीन चमच्यांपासून वाढवत आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलीच्या वाटीने अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. पण हे मोजमाप दिशा कळण्यापुरतं. काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळाने. त्याने तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला, म्हणजे पुरे. नाक दाबून, मांडीत आवळून भरवलेला घास पोटात जाईल, पण पुढच्या वेळी वाटी दिसताच बाळ रडेल. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडली नाही असं नव्हे. आठ-दहा वेळा, मधे दिवस जाऊ देऊन, पुन्हा चव दाखवावी लागते.

मोबाइल दाखवून भरवणं थांबवा. पडद्याकडे टक लावलेलं बाळ चमचा आला की तोंड उघडतं, पण काय खातोय, पोट भरलं का, हे त्याला समजत नाही. काऊ-चिऊचे घास वेगळे, त्यात भरवणाऱ्याचा चेहरा आणि आवाज बाळासमोर असतो. खाली बसवा, स्वतःचं ताटही सोबत घ्या, त्याला हात घालू द्या, सांडू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे.

नोकरी करणाऱ्या आईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, आणि ते घेतले तर बाळ चार महिन्यांचं असतानाच कामावर जावं लागतं. अशा वेळी चौथ्या महिन्यात वरचं अन्न सुरू करण्यापेक्षा दूध काढून ठेवावं. स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, सावलीत चार तास, फ्रीजमध्ये एक दिवस. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याच्या घरांत बाहेर ठेवूच नये. ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं. बाटलीचं बूच नीट उकळलं न गेल्याने होणारे जुलाब आपण वाचवू शकतो. आणि ही सगळी उस्तवार एकट्या आईची नाही. खिमट ढवळता येत नाही असा बाप नसतो.

जुलाबांवरून एक जुनी समजूत आठवते, दात येताना पोट बिघडतंच. दात येण्याच्या वयात बाळ रांगत असतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाब होतात ते त्याने. दाताचे म्हणून ते अंगावर काढू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण विरघळवून चमच्याने पाजत राहा. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्या आणि आईचं दूध व जेवण चालूच ठेवा. आजारात उपास घडवला तर गेलेलं वजन भरून यायला वेळ लागतो. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीतून रक्त पडलं, तर वाट न पाहता दवाखान्यात जा.

हे सगळं जमतंय की नाही, हे बाळाच्या गालांवरून ठरवू नका, वजनावरून ठरवा. जन्माच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाचव्या-सहाव्या महिन्यात आणि तिप्पट वर्षाला. "आमच्याकडे मुलं लहान चणीचीच असतात" हे ऐकून गप्प बसू नका. २००६ साली आलेले वाढीचे जागतिक तक्ते ज्या सहा देशांतल्या मुलांवरून केले त्यात भारतातली मुलंही होती. नीट आहार आणि काळजी मिळालेल्या आपल्या मुलांची वाढ इतर देशांतल्या मुलांसारखीच होते, हे त्यातून दिसलं. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर त्याचा ठिपका मांडून घ्या. एका ठिपक्यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते महत्त्वाचं. रेघ आडवी होऊ लागली तर आजार दिसण्याआधी मिळालेला तो इशारा असतो. नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतोच, त्या दिवशी वजन आणि लांबी दोन्ही करून घ्या. तुमच्या बाळाचं या महिन्याचं वजन झालं नसेल, तर ते कार्ड शोधून काढा आणि याच आठवड्यात जाऊन या.